पाटावरचं दहा वर्षांचं धोरण

आमची कंपनी विजेवर चालणाऱ्या स्कूटर बनवते, असं मी चाळीत सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी विचारलं गेलं, "चार्ज कुठे करायची?" प्रश्न रास्त होता. लालबागच्या चाळीत आधी माणसालाच पाय पसरायला जागा नाही, तिथे स्कूटरसाठी प्लग कुठून येणार. कुणी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर खाली सोडली असती, तर वाटेत दोन मजल्यांनी त्यावर कपडे वाळत घातले असते.

याच प्रश्नावर कंपनीचं सगळं धोरण उभं होतं. मी त्या धोरण खात्यात आहे. लोअर परळला गिरणीच्या आवारात काचेची इमारत झाली, तिच्या सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस. खात्यात सगळी माणसं माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. मी मुंबईची माहितगार म्हणून तिथे. म्हणजे गिरगावातली गल्ली किती अरुंद आहे आणि कॉटन ग्रीनला गोदामाबाहेर टेम्पो कुठे उभे राहतात, हे सांगायचा मला पगार मिळतो. आयुष्यभर फुकट सांगत आले होते, तेव्हा तक्रार नाही.

धोरण असं होतं. स्कूटर स्वस्तात विकायची, पण बॅटरी विकायचीच नाही. ती कंपनीची. जागोजागी फ्रिजएवढी कपाटं ठेवायची. बॅटरी संपली की कपाटात घालायची, दुसरी भरलेली काढायची, स्कूटरला लावायची आणि निघायचं. माणसाला कपाटाची सवय लागली की तो जन्माचा आपला. पुढे बॅटऱ्या जुन्या झाल्या की दुकानांच्या इन्व्हर्टरला द्यायच्या, आणि दहा वर्षांनी आपण स्कूटरवाले राहणार नाही, वीजवाले होणार.

आमचे साहेब हे सगळं हातवारे करून फार छान सांगायचे. पस्तिशीचे असतील. हुशार, सभ्य, जेवताना मोबाईल उलटा ठेवणारे. एकदा म्हणाले, "आपण स्कूटर विकत नाही, आपण भविष्य विकतो." मी म्हटलं, "साहेब, भविष्य विकणारे पूर्वी दादरला पुलाखाली पोपट घेऊन बसायचे. त्यांचा खर्च कमी होता." ते हसले. मनातून हसले की नाही, कोण जाणे.

पहिलं कपाट कुठे लावून बघायचं यावर दोन महिने चर्चा झाली. मी आमच्या चाळीचं नाव इतक्या वेळा घेतलं की शेवटी त्यांनी कंटाळून होकार दिला. कपाट आलं, तळमजल्यावर जिन्याशेजारी बसलं. त्यात माझा स्वार्थ होता आणि तो मी कुणापासून लपवला नव्हता. माझा स्वार्थ म्हणजे माझा धाकटा भाऊ.

मी लग्न केलं नाही, त्यामुळे खोली आणि भाऊ दोन्ही माझ्या वाट्याला आले. भाऊ ज्या प्रेसमध्ये कामाला होता ती बंद पडली, आणि त्याने मालवणी मसाला घरपोच द्यायचा धंदा सुरू केला. मसाला आमच्या वहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. फेरी त्याची. लालबाग ते शीव कोळीवाडा, तिथून दादर, तिथून गिरगाव. पेट्रोलच्या गाडीवर त्याचा सगळा नफा टाकीत जायचा. कपाट आलं, त्याने आमची स्कूटर घेतली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दिवसातून दोनदा बॅटरी बदलायचा आणि मुंबई पालथी घालायचा. कपाट नसतं तर त्याची स्कूटर म्हणजे दाराशी उभं केलेलं लोखंड. घरात प्लग आहे, पण ती बॅटरी घरच्या प्लगवर चढतच नाही. तेही धोरणच.

वर्षभर सगळं छान चाललं. चाळीतल्या लोकांनी एकेक करून स्कूटर घेतल्या. कुणी तिघांत मिळून एक घेतली. साहेब त्याला गळती म्हणायचे, आम्ही शेजार म्हणायचो.

मग ती नवरात्र आली. आमच्या कंपनीत पैसा घालणाऱ्या एक बाई होत्या. मूळच्या गिरगावच्या, पण बरीच वर्षं परदेशात. त्या मुंबईत येणार होत्या, आणि त्यांना चाळीतलं कपाट दाखवून तिथेच दहा वर्षांचं धोरण समजवायचं, असं ठरलं. आधी दसऱ्याचा दिवस ठरला होता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दसऱ्याला ऑफिसला सुट्टी. साहेबांनी भेट एक दिवस अलीकडे घेतली. ते मुंबईचे नव्हेत. आदला दिवस खंडेनवमीचा, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भेटीच्या आदल्या संध्याकाळी मी साहेबांच्या मागे उभी राहून त्यांचं सादरीकरण शेवटचं बघत होते. स्पेलिंग बघायला मला बोलावलं होतं. शेवटच्या पानावर आले आणि माझं डोकं सणकलं. लिहिलं होतं, चाळी यापुढे नकोत. आहे ते कपाट तीन महिन्यांत काढून टॉवरमध्ये हलवायचं. कारण काय, तर चाळींचा पुनर्विकास होणार, इमारत दहा वर्षं टिकणार नाही, आणि धोरण तर दहा वर्षांचं.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या चाळीचा पुनर्विकास मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून होतोय."

"मला कळतंय मॅडम," ते म्हणाले. "पण आकडे भावनांवर चालत नाहीत. आणि प्लीज, हे बाहेर कुठे बोलू नका. हे फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये आहे." मागच्या वर्षीचं धोरण कुणीतरी फोडलं होतं, तेव्हापासून त्यांनीच नियम केला होता. मेलवर नाही, मोबाईलवर नाही, दुसरी प्रत नाही.

बाहेर बोलायचं नाही म्हणजे घरात बोलायला हरकत नाही, असा मी अर्थ घेतला.

घरी आले तर भाऊ कपाटासमोर बसून ओल्या फडक्याने बॅटऱ्या पुसत होता. चाळीतल्या सगळ्यांनी आपापल्या स्कूटरमधून बॅटऱ्या काढून आणल्या होत्या. मावल्या तेवढ्या कपाटात, उरलेल्या पाटावर ओळीने. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कधी नेणार?"

"तीन महिन्यांत."

त्याने फडकं पिळलं. "म्हणजे मसाला बंद."

"बंद कशाला? उद्या त्या बाई येतायत ना. त्यांच्यासमोर सगळ्यांनी रांग लावा. भराभर बॅटऱ्या बदला. त्यांना दिसू दे ना किती गरज आहे ती."

"उद्या?" तो माझ्याकडे बघत राहिला. "ताई, उद्या खंडेनवमी."

आता हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कपाटाची पूजा म्हणजे एक हार, एक नारळ, झालं, असं मी धरून चालले होते. आमच्या चाळीत ते तसं नसतं. नवमीला हत्यार पाटावर गेलं की दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. इलेक्ट्रिशियनचा टेस्टर जातो, शिलाईवाल्या मावशींची कात्री जाते, कॉलेजच्या पोरींची पुस्तकं जातात आणि त्या दिवशी त्या खुशाल टीव्ही बघतात. बाबा गिरणीत होते तेव्हा साच्याला, म्हणजे मागाला, हार घालून घरी यायचे आणि दिवसभर हात मागे बांधून फिरायचे. मी माझा ऑफिसचा लॅपटॉप नवमीला ऑफिसातच ठेवून येते, त्याचं कारण हेच. मला अनुभव आहे.

मी भावावर ओरडले. धंदा जातोय तुझा, पोरीच्या क्लासची फी कुठून देणार आहेस, एक दिवस नियम मोडला तर काय आभाळ कोसळणार आहे का, सगळं बोलले. तो म्हणाला, "या बॅटरीवर मी वर्षभर खाल्लंय. एक दिवस तिला बसू दे. नेतील तर नेतील." आणि पुन्हा पुसायला बसला. मला त्याचा इतका राग आला की मी रात्री त्याच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर भीतीच जास्त वाटत होती.

मी सेक्रेटरी काकांकडे गेले. आमच्या चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी, मूळचे मालवणचे, गिरणीतून निवृत्त झाले पण आवाज अजून साच्यांवरून ओरडायचाच. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "तेका उद्या हात लावूचो नाय, बाय. पैसेवाली येवंदे नायतर देव येवंदे."

दुसऱ्या दिवशी कपाट ओळखू येत नव्हतं. झेंडूचे हार, प्रत्येक कप्प्याच्या दाराला हळदकुंकू, पुढे रांगोळी, नारळ, आणि पाटावर बॅटऱ्या लग्नातल्या वऱ्हाडासारख्या नटून बसलेल्या. अंगणात सगळ्या स्कूटर आडव्या-तिडव्या उभ्या, पोटं रिकामी. साहेब गाडीतून उतरले, हे बघितलं आणि आधी त्यांना आनंदच झाला. त्यांनी फोटो काढले. मग मला हळूच विचारलं, "सुंदर आहे. आता कुणाला तरी बोलवा ना, बॅटरी बदलून दाखवायला."

"आज कोणी बदलणार नाही, साहेब."

"कोणीच?"

"कोणीच."

या कपाटातून दिवसभरात किती बॅटऱ्या बदलल्या, तो आकडा त्यांच्या मोबाईलवर दिसायचा. शून्य. त्यांनी तो खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा बघितला. बाई त्यांच्या मागून आल्या. साठीच्या, सुती साडी, पायात साध्या चपला. त्यांनी पूजेकडे बघितलं आणि चपला बाजूला काढल्या.

सेक्रेटरी काका पाहुणचारात कमी पडणारे नव्हेत. त्यांनी दोघांना कुंकू लावलं आणि साहेबांना विचारलं, "तुमचा हत्यार खंय?"

साहेब गोंधळले. मी साध्या मराठीत समजावलं, "काका विचारतायत तुम्ही पोट कशावर भरता. ते पूजेला ठेवायचं असतं."

साहेबांनी आपल्या बगलेतला लॅपटॉप बघितला. "हा? ठीक आहे ना. दोन मिनिटं?"

या ठिकाणी मी तोंड उघडायला हवं होतं. उत्तरपूजेशिवाय ते परत मिळत नाही, एवढं एक वाक्य. तोंड मी उघडलं नाही. उलट वाकले, दोन बॅटऱ्या जराशा सरकवल्या आणि पाटावर जागा करून दिली. काकांनी लॅपटॉप ठेवला, झाकणावर कुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल. दहा वर्षांचं धोरण पाटावर बसलं. माझ्या पोटात गुदगुल्या होत होत्या आणि चेहऱ्यावर मी आरतीला उभी असते तसा भाव ठेवला होता.

काका बाईंकडे वळले. बाईंनी काही न विचारता पर्स उघडली, एक पेन काढलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. "मी सह्या करून खाते," म्हणाल्या, आणि हात जोडले. त्या गिरगावच्या होत्या, त्यांना कुणी काही समजवायची गरज नव्हती.

आरती झाली, प्रसाद झाला. साहेब लॅपटॉपकडे हात पुढे करणार तेवढ्यात काकांनी तो हात हलकेच धरला, त्यात आणखी एक पेढा ठेवला आणि म्हणाले, "आता उद्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. साहेबांनी मग बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "माझं पेनही तिथेच आहे. मी कुठे मागतेय?" झालं. बाईंपुढे साहेब काय बोलणार.

सादरीकरण नाही, बॅटरी बदलणं नाही, सही नाही. दिवस फुकट जाऊ नये म्हणून साहेबांनी बाईंना दादरच्या टॉवरमध्ये न्यायचं ठरवलं. शिवाजी पार्कजवळ चकचकीत इमारत आहे, तिथे आमचं दुसरं कपाट सहा महिन्यांपूर्वी बसवलं होतं. मलाही सोबत घेतलं. चाळी काढून याच जागा वाढवायच्या, हे शेवटच्या पानावरचं मला माहीत होतं, बाईंना नाही.

टॉवरचं कपाट एसी लॉबीच्या बाजूला, लख्ख उजेडात उभं. वॉचमनने त्यावर आपला डबा आणि छत्री ठेवली होती. आम्हाला बघून त्याने घाईने उचलली. साहेबांनी मोबाईल काढला. इथेही आकडा शून्य. बाईंनी वॉचमनला विचारलं, "इथेही खंडेनवमी का?"

"नाही मॅडम," तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "इथे रोज असंच असतं. सगळ्यांकडे दुसऱ्या कंपनीच्या गाड्या, त्या खाली पार्किंगमध्ये चार्ज होतात."

परतीच्या गाडीत साहेब मोबाईलवर तोच आकडा बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण आत बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

दसऱ्याच्या सकाळी मी खाली आले तर चाळीच्या दारापर्यंत रांग. सगळ्या दुकानदारांना, फुलवाल्यांना, पोरांना त्या दिवशी लवकर निघायचं होतं, आणि दिवसभर बसलेल्या बॅटऱ्या सगळ्यांना एकदम हव्या होत्या. सगळ्यात पुढे माझा भाऊ, मसाल्याच्या पिशव्या स्कूटरला टांगून. सणाला घरोघरी मटण असतं, त्या दिवशी त्याला उसंत नसते.

साहेब आले होते. त्यांच्या मागे बाईही आल्या. ड्रायव्हरला पाठवून पेन मागवता आलं असतं, पण त्या स्वतः आल्या. काकांनी उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या आणि पाट जरासा हलवला. लॅपटॉप साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी झाकण उघडलं. पडदा काळा. बटण दाबलं. काळा. सादरीकरण करताना मध्येच झोपू नये म्हणून त्यांनी त्यात तशी सोय करून ठेवली होती, त्यामुळे झाकण मिटूनही तो दिवसभर आणि रात्रभर जागा राहिला होता आणि अगदी निपचित पडला होता. चार्जर घरी. चाळीतल्या पोरींचे दोन चार्जर लावून बघितले, एकही बसेना.

"आमच्या कपाटात ही बॅटरी बसूची नाय," काका खरोखर दुःखी होऊन म्हणाले, "नायतर दिली आसती."

बाई म्हणाल्या, "राहू दे. तोंडी सांगा काय ते."

साहेब घसा खाकरत होते. तेवढ्यात कपाटाचा कप्पा टक् करून उघडला. भावाने बॅटरी काढली, तिच्यावरचं कुंकू तसंच ठेवलं, स्कूटरमध्ये बसवली. मग तो वळला आणि साहेबांना सरळ विचारलं, "साहेब, कपाट कधी नेणार?"

हे बाहेर कुणी बोललं हे साहेबांना लगेच कळणार होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच. मी खाली पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेचायला वाकले.

"कोण म्हणालं नेणार?" साहेब म्हणाले.

"कोणी नाय. विचारून ठेवतोय," भाऊ म्हणाला. "माझं घर यावर चालतं. आधी कळलं तर दुसरं काहीतरी बघता येईल." आवाज चढवला नाही, विनवणी केली नाही. मला परवाच्या रागाची लाज वाटली नाही, पण त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं, आणि मी जाऊन उभी राहिले. नोकरी जायची असली तर जाऊ दे, असं त्या क्षणी खरंच वाटलं.

बाईंनी साहेबांकडे बघितलं. "नेणार आहात? धोरणात काय आहे?"

साहेबांनी हातातल्या काळ्या पडद्याकडे बघितलं. मग रांगेकडे. रांग आता रस्त्यावर गेली होती. खिशातला मोबाईल थरथरत होता, एकेक बॅटरी बदलली की थरथरायचा. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"चाळी आहेत धोरणात," ते शेवटी म्हणाले.

"बरं मग," बाई म्हणाल्या. पेन उचललं, पर्समध्ये टाकलं आणि काकांकडून आपट्याचं पान घेतलं. भाऊ स्कूटर सुरू करून गेलासुद्धा. त्याला शीव कोळीवाड्याला पोचायचं होतं.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. लॅपटॉपच्या कळांमध्ये अजून कुंकू अडकलेलं होतं. विचारलं, "पाटावरून परत मिळत नाही, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"साहेब, मी तर जागा करून दिली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढचं काम सांगितलं. शेवटचं पान त्यांनी नव्याने लिहिलं. स्पेलिंग बघायला मलाच दिलं.

आता या गोष्टीला वर्ष झालं. कपाट जिन्याशेजारीच आहे, पुनर्विकासही आहे तिथेच आहे. परवा अष्टमीला साहेब माझ्या टेबलाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, वरून पुन्हा सांगितलंय. चाळी काढा म्हणून. उद्या मीटिंग आहे, मला चाळी काढायचं ते पान दाखवायला लावणार." मग थांबून म्हणाले, "उद्या पाटावर जागा असेल का?"

"करते जागा," मी म्हटलं. "चार्जर तेवढा घरी ठेवून या."